आठ मीटर छप्पन सेंटीमीटर

"बाई, मैदान सपलं, पन शंभर झालंच न्हाईत."

मायाक्का चुन्यानं रंगवलेल्या शेवटच्या दगडापाशी उकिडवी बसली होती. तिच्या हातात आमचा दहा मीटरचा दोर होता. तिसरी-चौथीची बाकीची दहा पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून उभी होती आणि सगळी माझ्याकडं अशी बघत होती, की जणू राहिलेले मीटर मीच पदराखाली लपवलेत.

"किती भरले?" मी विचारलं.

"नऊ दोर. आन वर एक मीटर चव्वेचाळीस."

"म्हणजे?"

"एक्क्याण्णव मीटर चव्वेचाळीस सेंटीमीटर." मग तिनं काडीनं मातीत आकडे लिहिले आणि म्हणाली, "नुसत्या सेंटीमीटरात नऊ हजार एकशे चव्वेचाळीस."

रूपांतर तिनं बरोबर केलं होतं. ते करायला मी दोन आठवडे घसा फोडला होता. तीन मीटर पाच सेंटीमीटरचे सेंटीमीटर करा म्हटलं की वर्गातली निम्मी पोरं पस्तीस लिहायची आणि उरलेली साडेतीनशे. एकट्या मायाक्कानं पहिल्याच दिवशी तीनशे पाच लिहिलं होतं. कसं काय, असं विचारल्यावर म्हणाली, "धाचं घर रिकामं हाय न्हवं बाई. रिकाम्या घराला कुलूप नगं?" तेव्हापासून माझ्या वर्गात मधल्या शून्याला 'कुलूप' म्हणायची पद्धत पडली.

पण आता तिचं उत्तर बरोबर असून चालणार नव्हतं. ते मैदान शंभर मीटरचं होतं. कोंडारवाडीच्या शाळेचं मैदान शंभर मीटरचं आहे, हे आमच्या सहा शाळांच्या केंद्रात कुणीही सांगितलं असतं.

"दोर ढिला धरला असशील," मी म्हणाले.

मायाक्कानं मान तिरकी केली. तिला काही पटलं नाही की ती अशी मान करायची. "ढिला धरला तर जास्ती भरंल की बाई. कमी कसं भरंल?"

दोर ढिला धरला तर प्रत्येक वेळी जमीन दहा मीटरपेक्षा कमी मोजली जाणार, दोर जास्त वेळा टाकावे लागणार आणि आकडा फुगणार. दहा वर्षांच्या पोरीला हे उभ्या उभ्या कळलं होतं. मी डी.एड.ला पहिल्या वर्गात आले होते आणि मला ते कळायला अर्धं मिनिट लागलं.

आम्ही दोर पुन्हा तपासला. तो सुतळीचा होता, पोरांनीच केलेला; दर मीटरला गाठ आणि गाठीला लाल चिंधी. शाळेत लाकडी मीटरपट्टी एकच. फळ्यावर रेघा मारायला आणि क्वचित पोरांच्या पाठीवर, एवढाच तिचा वापर व्हायचा, तोवर मी येऊन तिला तिचं खरं काम दिलं. पट्टी लावून दहाही गाठी बघितल्या. दोर बरोबर होता. मैदान दुसऱ्यांदा मोजलं, एक्क्याण्णव मीटर एक्केचाळीस भरलं. तिसऱ्यांदा मोजलं, पुन्हा चव्वेचाळीस.

खरं सांगते, त्या वेळी मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, उकळ्या फुटल्या. त्याचं कारण होतं नलवडे गुरुजी.

गुरुजी आमच्या दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची अठरा वर्षं त्याच शाळेत गेली होती. पोरांकडून पाढे, पावकी, निमकी ओरडून घ्यायची आणि दुपारनंतर मैदानावर पळवायचं, हे त्यांचं शिक्षणशास्त्र. मी मिरजेहून नव्यानं आलेली, तेवीस वर्षांची, नाकानं कांदे सोलणारी. मी सुतळ्या आणि चिंध्या गोळा करू लागले तेव्हा ते हसून म्हणाले होते, "बाई, मीटर-सेंटीमीटर पाठ करून घ्या की. गोधडी शिवायला बसल्यासारखं काय ते?" ते मला लागलं होतं. आणि आता त्यांचंच मैदान माझ्या चिंध्यांनी मोजलं होतं.

पोरांना भाकरी खायला बसवलं आणि मीटरपट्टी घेऊन मी थेट ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गातला कोपरा आणि एक लोखंडी कपाट. कपाटावर काळा पत्रा टांगलेला होता. त्यावर गुरुजींनी पांढऱ्या रंगानं दर वर्षीच्या सगळ्यांत वेगवान मुलाचं आणि मुलीचं नाव लिहिलं होतं, पुढं शंभर मीटरची वेळ. शेवटची ओळ मायाक्का बिराप्पा शेंडगे, पंधरा पूर्णांक चार सेकंद.

"गुरुजी, आपलं मैदान तुम्ही कशानं मोजलं होतं?"

"गवंड्याच्या टेपनं." गुरुजी हजेरीपट लिहीत होते, मान वर न करता म्हणाले. "शहात्तर साली ही इमारत बांधत होते तेव्हा. शंभर फुटी टेप होती, तीनदा टाकली. तीनशे फूट म्हणजे शंभर मीटर."

"कसे काय?"

आता त्यांनी मान वर केली. "कसे काय म्हणजे? तीन फुटाचा मीटर. शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. पूर्वी गज होता तीन फुटाचा, सरकारनं गज काढला आणि मीटर आणला. कापडदुकानात विचारा."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मीटरपट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तिच्या कडेनं त्यांचीच फूटपट्टी तीनदा ठेवून दाखवली. तिसऱ्यांदा फूटपट्टी संपली आणि मीटरपट्टी पुढं उरली. साडेआठ सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे चार बोटं रुंद.

"दर मीटरला एवढं कमी," मी म्हणाले. "शंभर मीटरला आठ मीटर छप्पन सेंटीमीटर. माझ्या चौथीच्या मुलीनं काढलंय."

गुरुजींनी उरलेल्या जागेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग चष्मा काढला आणि पत्र्याकडं बघितलं.

"अठरा वर्षं पोरं कमी पळाली म्हणायची," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते चिडतील, वाद घालतील, मग मी त्यांना शास्त्र सांगेन. त्यातलं काही झालं नाही. ते उठले आणि कोपऱ्यातली चुन्याची बादली आणि पहार काढू लागले. "चला. दगड सरकवून घेऊ. आजच. शनिवारी साहेब येणारेत, त्यांच्यापुढं खोटं मैदान नको."

शनिवार म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो फार उशिरा पडला.

शनिवारी जिल्ह्याहून क्रीडा शाळेचे साहेब येणार होते. निवासी शाळा होती ती. निवडलेल्या मुलांना पाचवीपासून राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिथंच. आमच्या केंद्रात सपाट आणि आखलेलं मैदान एकच, म्हणून सहा शाळांच्या मुलींची चाचणी आमच्याकडं ठेवली होती. अट साधी होती. शंभर मीटर सोळा सेकंदांच्या आत पळणारी मुलगी घ्यायची, बाकीच्या परत.

आणि मायाक्काला ती शाळा मिळाली नाही तर काय होणार, हे मला माहीत होतं. पंधरा दिवसांपूर्वी तिचा बाप अर्जावर अंगठा उठवायला आला होता. बिराप्पा मेंढरं घेऊन दिवाळीपासून कृष्णाकाठाला असायचा, पावसाळ्याच्या तोंडाला घरी यायचा. मायाक्का शाळेपायी चुलतीजवळ राहिली होती. आमची शाळा चौथीपर्यंत, पाचवीची शाळा सात किलोमीटरवर आणि चुलतीची तर "पोरगी आता कुणीतरी घिऊन जावा" अशी भुणभुण सुरू झालेली. घोंगडं खांद्यावर टाकून बिराप्पा उंबऱ्यातच उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "सरकार सांबाळनार आसंल तर जाऊ द्या बाई, माजं काय न्हाई. न्हाईतर चौथी झाली की माज्यासंगं येतीया. कोकरं राकायला मानूस लागतंयच." तो वाईट माणूस नव्हता. जे होतं ते सांगत होता.

मी गुरुजींच्या टेबलावरची पाटी ओढली आणि गणित मांडलं. एक्क्याण्णव मीटरला पंधरा पूर्णांक चार. मग शंभराला किती? उत्तर सोळाच्या पुढं गेलं, चांगलं पावणेसतराच्याही वर. पुन्हा मांडलं. तेच आलं.

"गुरुजी, थांबा," मी म्हणाले. "शनिवार होऊ द्या. मग सरकवू दगड."

पहार हातात घेऊन गुरुजी वळले. मी पाटी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी आकडा वाचला आणि ते खुर्चीत बसले.

"बाई, आत्ता तुम्हीच पट्टी आणून दाखवलीत मला."

"दाखवली. पण त्यात पोरीचं आयुष्य जातंय."

"आणि साहेबांनी विचारलं तर?"

"कोण विचारतंय? अठरा वर्षांत कुणी विचारलं का?"

आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला म्हणतात, तशी माझी गत होती. दहा मिनिटांपूर्वी मी या माणसाला अडाणी ठरवायला आले होते आणि आता त्याच्या हातातली पहार सोडवत होते. गुरुजींचा मायाक्कावर माझ्यापेक्षा जास्त जीव होता. पहिलीपासून त्यांनीच तिला पळवली होती. त्यांनी पहार भिंतीला टेकवली.

"तुम्ही शिकलेल्या," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तर राहू दे. पण मला हे गोड लागत नाही, सांगून ठेवतो."

शाळा सुटल्यावर मी मायाक्काला थांबवलं. बाकीची पोरं एव्हाना मैदान विसरून चिंचा पाडायला पळाली होती. विसरली नव्हती ती हीच.

"मायाक्का, मैदानाचं आज जे मोजलं ना, ते सध्या कुणाला सांगायचं नाही."

"का?"

"शनिवारी परीक्षा आहे. ती होऊ दे. मग आपण सगळ्यांना सांगू."

"माजं मोजायचं चुकलं व्हय?"

"नाही गं. तुझं अगदी बरोबर आहे. तुझ्याइतकं नीट तर मलासुद्धा मोजता आलं नसतं." हे मी मनापासून बोलले होते. ती लाजली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. कौतुक ऐकायची सवय नव्हती तिला.

"मग मी पळायचं कुटवर?"

"दगडापर्यंत. नेहमीसारखं."

ती हो म्हणाली नाही. नाही पण म्हणाली नाही. दप्तराची पिशवी डोक्याला अडकवून निघून गेली. पुढचे तीन दिवस ती शाळा भरायच्या आधी एकटी मैदानावर पळताना दिसायची. चांगलंय, सराव करतेय, असं मला वाटलं. मी स्वतःला सांगून टाकलं होतं की हे सगळं तिच्यासाठी आहे, आणि एकदा तसं ठरवल्यावर पुढचं बघायची गरज उरली नव्हती.

शनिवारी सकाळी साडेआठला साहेब जीपमधून उतरले. पन्नाशीचे, टोपी घातलेले, गळ्यात शिट्टी आणि घड्याळ. माणूस मोकळाढाकळा होता. सहा शाळांच्या एकोणीस मुली रांगेत बसल्या होत्या. निम्म्यांच्या पायात काही नव्हतं. साहेबांनी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली.

"वा गुरुजी! मैदान म्हणजे मैदान आहे. शंभर बरोबर ना?"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या यादीकडं.

"अठरा वर्षं इथंच पळवतोय साहेब," गुरुजी म्हणाले. हे खरंच होतं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरंच खरं बोलून वेळ निभावली.

मुली एकेक करून पळू लागल्या. साहेब शेवटच्या दगडापाशी घड्याळ घेऊन उभे, मी त्यांच्या शेजारी वेळा लिहायला. गुरुजी सुरुवातीच्या दगडाशी रुमाल घेऊन. सतरा, साडेसोळा, अठरा, पंधरा पूर्णांक नऊ. मायाक्काचा नंबर चौदावा होता. तिनं परकर गुडघ्यापर्यंत खोचून घेतला होता आणि वेण्या डोक्यावर बांधल्या होत्या.

गुरुजींचा रुमाल खाली आला आणि ती निघाली. तिचं पळणं बघण्यासारखं होतं. धावताना ती कुठंही बघायची नाही, फक्त समोर. दगडाच्या रेषेवरून ती गेली आणि साहेबांनी घड्याळ दाबलं. "पंधरा तीन!" ते ओरडले. माझा जीव भांड्यात पडला.

पण मायाक्का थांबली नाही.

बाकीच्या मुली रेषा आली की कोसळायच्या, गुडघ्यावर हात टेकून धापा टाकायच्या. ही तशीच पूर्ण वेगानं पुढं गेली आणि पलीकडं जाऊन एका जागी थांबली. तिथं नारळाएवढा एक दगड होता. तो मी त्याआधी बघितलाच नव्हता. बसलेल्या मुली हसायला लागल्या. "आगं आयं, हिचा बिरेक फेल झाला!" कुणीतरी ओरडलं. साहेबही हसले आणि त्यांनी तिला हात करून बोलावलं.

"काय गं, रेषा दिसली नाही का तुला?"

"दिसली की."

"मग तिकडं कुठं निघाली होतीस, बापाच्या वाड्यावर?"

मायाक्काला धाप लागली होती. तिनं मागं वळून त्या नारळाएवढ्या दगडाकडं बोट केलं. "शंभर मीटर तितं पुरं हुत्यात," ती म्हणाली. "हितं एक्क्याण्णव मीटर चव्वेचाळीस सेंटीमीटरच हाय."

तिनं माझी अट मोडली नव्हती. तिनं चार दिवस कुणालाही काही सांगितलं नव्हतं. पण शंभर मीटर पळा म्हटल्यावर ती शंभर मीटर पळली होती, आणि साहेबांनी विचारल्यावर तिनं उत्तर दिलं होतं. शाळेत आम्ही तिला हेच शिकवलं होतं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट ती माझ्याकडं बघून जरा हसली, बरोबर उत्तर देऊन मुलं बघतात तशी.

साहेबांचं हसू थांबलं. "हे कुणी सांगितलं तुला?"

"म्याच मोजलं. दोरानं. तीनदा."

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, काय म्हणतेय ही?"

गुरुजी लांबून चालत येत होते. ते पोचायला वीसेक पावलं बाकी होती. मी थांबू शकले असते. थांबले असते तर गुरुजींनी काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं. म्हणून मी थांबले नाही.

"साहेब, मीटर-सेंटीमीटर शिकवतेय मी त्यांना," मी हसत म्हणाले. "दोर घेऊन दिसेल ते मोजत सुटतात. चौथीची पोरं. अजून नीट मोजता येत नाही. दोर ढिला धरला असेल हिनं."

मायाक्काचं हसू मावळलं. तिनं मान तिरकी केली.

"म्या ढिला न्हवता धरला, बाई," ती हळूच म्हणाली. "ढिला धरला तर..."

"बस जा रांगेत," मी म्हणाले.

ती बोलायची थांबली. माझ्याकडं बघत राहिली. मी दोर ढिला धरला म्हणते, आणि ढिल्या दोरानं काय होतं हे आम्ही दोघी त्याच दगडापाशी चार दिवसांपूर्वी बोललो होतो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. आपलंच काहीतरी चुकलं असेल का, हे ती शोधत होती. ते मला स्पष्ट दिसलं आणि तरी मी गप्प राहिले. मग ती गेली आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसली.

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. "पोरगी तल्लख आहे. आणि पळते काय! लिहा बाई, पंधरा पूर्णांक तीन."

मी लिहिलं. गुरुजी तोवर येऊन उभे राहिले होते. साहेबांचं शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. ते पुन्हा सुरुवातीच्या दगडाकडं चालत गेले आणि पुढच्या मुलीसाठी रुमाल वर केला.

त्या दिवशी तीन मुली सोळाच्या आत आल्या. त्यांत मायाक्का पहिली. दुसऱ्या कुठल्या तरी केंद्रात, खऱ्या शंभर मीटरवर, एखादी पोरगी सोळा पूर्णांक एकमध्ये आली असेल आणि घरी परत गेली असेल, हे माझ्या मनात यायला पुढं कितीतरी वर्षं जावी लागली. तेव्हा आलं नाही.

सोमवारी गुरुजींनी पोरांकडून दोर टाकून घेतला आणि दगड आठ मीटर छप्पन सेंटीमीटर पुढं सरकवला. त्यांना मदत करायला मी गेले नाही. दुपारी ऑफिसात गेले तर ते स्टुलावर चढून काळ्या पत्र्यावर काहीतरी लिहीत होते. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं होतं : 'वरील सर्व वेळा तीनशे फुटांच्या आहेत. चूक मोजणाऱ्याची. – न. ग. नलवडे.' त्यांनी ब्रश पुसला आणि मला विचारलं, "शुद्धलेखन बघा हो बाई, तुमचं चांगलंय." मला टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी बघितलं आणि बरोबर आहे म्हणाले.

मार्चच्या शेवटी पत्र आलं. मायाक्काची निवड झाली होती. चुलतीनं वाडीभर गूळ वाटला. कुणाच्या तरी हाती कृष्णाकाठाला निरोप गेला आणि आठ दिवसांनी बिराप्पा मुद्दाम येऊन मला म्हणाला, "बाई, तुमी माज्या पोरीचं सोनं केलंसा." पुढं मायाक्का त्या शाळेत बारावीपर्यंत शिकली. तिथं पहिली दोन वर्षं ती सगळ्यांच्या मागं असायची म्हणे, मग पुढं आली. आज सोलापूरला पोलिसात आहे, दोन मुलं आहेत. मेंढरांमागं गेली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. त्यामुळं माझ्या हातून वाईट घडलं असं मला कुणी म्हणत नाही, आणि मीही सरळ तसं म्हणू शकत नाही. पुन्हा ती वेळ आली तर मी काय करीन, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पण एवढ्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही ते त्या एप्रिलमधलं आहे.

वार्षिक तोंडी परीक्षा चालू होती. चौथीची पाच पोरं, एकेकाला टेबलाजवळ बोलवायचं. चाचणीनंतर मायाक्का वर्गात बोलायची कमी झाली होती. सांगितलेलं सगळं करायची, वह्या वेळेवर द्यायची, गणितं बरोबर सोडवायची. पण दोर हातात घ्यायची नाही आणि मान तिरकी करून 'कसं काय बाई' असं विचारायची नाही. मोठी होतेय, असं मी म्हणायची.

ती पाटी घेऊन समोर उभी राहिली. पत्र येऊन गेलं होतं, तिला नापास करायचा प्रश्नच नव्हता. तिनं मोकळेपणी बोलावं म्हणून मी सगळ्यांत सोपा प्रश्न निवडला. पहिलीतल्या पोरालाही ऐकून ऐकून पाठ झाला असेल असा.

"सांग मायाक्का, एका मीटरमध्ये किती सेंटीमीटर?"

ती पाटीकडं बघू लागली.

"अगं, येतंय की तुला. किती?"

"तुमी म्हंशीला तेवढं, बाई."

ती उद्धटपणे बोलली नाही. तसं असतं तर मी रागावले असते आणि सुटले असते. ती अगदी शहाण्या मुलीसारखी बोलली. आणि मग, मी काय आकडा सांगते ते लिहून घ्यायला, पाटीवर पेन्सिल टेकवून उभी राहिली.